बदलीच्या गावची छायाचित्रे

साहित्यास वाहिलेल्या मासिकात छायाचित्रणाचा विचार कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या घरांत हे मासिक जाते त्या घरांत आता लेखणीपेक्षा कॅमेरा अधिक वेळा हाती घेतला जातो. परप्रांती नोकरीनिमित्त राहणारा मराठी अधिकारी पूर्वी फावल्या वेळात कविता किंवा प्रवासवर्णन लिही. आज तो छायाचित्रे घेतो, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात नाट्यप्रयोगाच्या आणि पाककृतींच्या जोडीला त्यांचे प्रदर्शनही मांडले जाते. ह्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते निराळेच. नवोदिताची कविता संपादकाकडून साभार परत येते, छापली गेलीच तर एखादा चिकित्सक वाचक तिच्यावर दोन कडू शब्द लिहितो, आणि त्या कडूपणातून कवी काही शिकतो. छायाचित्राच्या वाट्याला मात्र ‘वा, सुंदर!’ एवढेच शब्द आणि वॉट्सॲपवर उंचावलेला अंगठा येतो. ज्या कलेला कधी नकार मिळत नाही ती कला वाढत नाही, असे आमचे मत आहे. म्हणूनच येथे हौशी छायाचित्रांचा विचार आम्ही साहित्यकृतीचा करावा तितक्याच कसोशीने करणार आहोत. हौशी माणसाविषयी आमच्या मनात आदर नसता, तर हा खटाटोप आम्ही केलाच नसता.

अशा प्रदर्शनांत जी छायाचित्रे आम्ही पाहिली, त्यांचे विषय डोळे मिटूनही सांगता येतील. काशीच्या घाटावरील पहाट आणि धुक्यातील होडी. लाल फेट्याखाली सुरकुतलेला राजस्थानी वृद्ध. मेघालयातील धबधबा, ज्याचे पाणी शटर दीर्घकाळ उघडे ठेवून रेशमासारखे केलेले आहे. पुष्करच्या वाळूवर सूर्यास्तासमोरून जाणारी उंटांची काळी रांग. आणि पाण्यात उलटा पडलेला ताजमहाल. तांत्रिक दृष्ट्या ह्यांतील बहुतेक चित्रे निर्दोष असतात. क्षितिज सरळ असते, मुख्य वस्तू चौकटीच्या एक-तृतीयांश रेषेवर बेतलेली असते, रंग झळझळीत असतात. परंतु प्रत्येक चित्राखालची नावाची चिठ्ठी काढून दुसऱ्याच्या चित्राखाली लावली, तर स्वतः छायाचित्रकारांवाचून कोणाच्याही ते ध्यानी येणार नाही. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रात ‘कविसमय’ म्हणून एक संकल्पना आहे. चकोर चांदणे पितो, हंस नीर सोडून क्षीर घेतो, हे कवीने पाहिलेले नसते. पूर्वीच्या कवींनी म्हटले म्हणून तो म्हणतो. हौशी छायाचित्रणातही असेच समय रूढ झाले आहेत. वृद्ध दिसला की सुरकुत्या, धबधबा दिसला की रेशीम! फरक इतकाच की, कविसमयाला निदान कोणी सत्य मानीत नाही. छायाचित्राचा समय मात्र ‘हे मी प्रत्यक्ष पाहिले’ असा दावा करीत भिंतीवर लागतो.

ह्याचा दोष नव्या यंत्राच्या माथी मारण्याची एक सोपी रीत आहे. फिल्मच्या काळी छत्तीस चित्रे मोजून घ्यावी लागत, म्हणून माणूस विचार करी. आता हजारो चित्रे फुकट निघतात, म्हणून विचार संपला, असे वयस्क मंडळी म्हणतात. ह्या विधानात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. फिल्मच्या काळचे अल्बम उघडून पाहावेत. ताजमहालासमोर एका ओळीत उभे केलेले कुटुंब तेथेही आहेच. यंत्राने नवी सवय लावली नाही, जुनी सवय स्वस्त केली.

तथापि ह्या यंत्राची जात ओळखून घेणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही पुष्कळ गैरसमज आढळतात. ज्यावर प्रतिमा उमटते त्या चकतीचे मूळ 1969 साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ ह्या दोघा शास्त्रज्ञांनी काढलेल्या युक्तीत आहे. त्यासाठी 2009 साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने 1975 साली पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे चित्र शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. त्याच कोडॅकला 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, हा योग मोठा विचित्र आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने कोडॅकच्याच ब्राइस बेयर ह्यांचे काम अधिक महत्त्वाचे. 1976 सालच्या त्यांच्या पेटंटातील योजनेनुसार चकतीवरील दर चार बिंदूंपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी गाळणी असते. प्रत्येक बिंदू तीनपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे आपण ज्यास ‘जसेच्या तसे’ चित्र म्हणतो त्यातील दोन-तृतीयांश रंग हा अंदाज असतो! अंदाज बहुधा अचूक ठरतो, हे खरे. पण अंदाज तो अंदाजच. फोनच्या कॅमेऱ्यात तर ह्याच्याही पुढची मजल गाठली गेली आहे. एका दाबासरशी तो अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो, सावल्या उजळतो, आकाश निळे करतो. 2023 साली एका नामांकित फोनविषयी असे दिसून आले की, मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र त्यासमोर धरले असता त्या चित्रात नसलेले तपशीलही तो चंद्रावर काढून देई. येथे कविसमय थेट यंत्राच्या पोटातच जाऊन बसला आहे. चंद्र कसा दिसावा, हे पाहणाऱ्याआधी यंत्रालाच ठाऊक!

अशा यंत्राने खरे काही पाहता येईल काय? येईल, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही व्यावसायिकांकडे न वळता प्रथम एका सरकारी नोकराकडे वळतो. लाला दीनदयाळ हे 1844 साली सरधन्यास जन्मले, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकले, आणि 1866 साली इंदुरात बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या कामावर रुजू झाले. म्हणजे आमच्या वाचकांचे ते सर्वार्थाने पूर्वसूरी. घरापासून दूर, होळकरांच्या राजधानीत, कचेरी सांभाळून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तो प्रथम हौस म्हणूनच. पुढे दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली ह्यांचा आश्रय मिळाला, मध्य हिंदुस्थानातील इमारतींची छायाचित्रे झाली, लेपेल ग्रिफिन ह्यांच्या 1886 सालच्या ग्रंथात ती आली, आणि अखेरीस नोकरी सोडून ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या दरबारी चित्रांविषयी आम्हांस फारसे अगत्य नाही; शिकारीनंतरच्या वाघावर पाय ठेवून उभे राहिलेले साहेब शंभर ठिकाणी सारखेच दिसतात. परंतु त्यांची वास्तुचित्रे निराळ्या जातीची आहेत. तेथे अंदाजपत्रक करणाऱ्याची नजर दिसते. भिंतीची जाडी, दगडाचा जोड, कमानीवर पडलेला भार ह्या गोष्टी ज्याने मोजलेल्या आहेत त्याला इमारत कोठून पाहावी हे कळते. स्वतःच्या खात्याचे ज्ञान त्यांनी छायाचित्रणात आणले. हौशी अधिकाऱ्याने त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला पाण्याविषयी जे कळते ते काशीच्या धुक्यावर लोभावलेल्या पर्यटकाला कळत नाही. रेल्वेतल्या माणसाला रात्रीच्या स्थानकाविषयी, वनखात्यातल्याला करपलेल्या जंगलाविषयी. असे असता हे सारे ज्ञान कचेरीतच ठेवून रविवारी तो सूर्यास्त पाहावयास का जातो, हे आम्हांस उमगत नाही.

हौशी मंडळींची ही परंपरा आपल्याकडे लहान नाही. मुंबईत छायाचित्रण संस्था 1854 सालीच निघाली होती; भाऊ दाजींचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य आणि आवडीने छायाचित्रकार होते. जयपूरचे सवाई रामसिंह तर राज्य करता करता काचेवर रसायन ओतून चित्रे काढीत. पण ह्या सर्वांत आमच्या मते श्रेष्ठ हौशी छायाचित्रकार म्हणजे उमरावसिंह शेरगिल (1870–1954). चित्रकर्त्री अमृता शेरगिल हिचे वडील म्हणूनच त्यांचे नाव पुष्कळ वर्षे घेतले गेले. संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, हंगेरियन गायिका पत्नी, बुडापेस्ट, सिमला आणि पॅरिस येथील वास्तव्य, आणि ह्या साऱ्या काळात अर्धशतकाहून अधिक वर्षे त्यांनी घरच्या माणसांची आणि स्वतःची घेतलेली छायाचित्रे. ती विकली नाहीत, स्पर्धेत पाठविली नाहीत. त्यांत ताजमहाल नाही, उंट नाहीत. आहेत त्या खोल्या. पडद्यातून येणारा उजेड, वाचीत बसलेला माणूस, नटूनथटून अवघडलेल्या मुली, पियानोपाशी पत्नी, आणि उपवासाने कृश झालेला स्वतःचा उघडा देह. स्वतःकडे त्यांनी ज्या थंड कुतूहलाने पाहिले आहे त्याची तुलना आजच्या हात लांबवून काढलेल्या स्वचित्रांशी करण्याचा मोह होतो, पण ती तुलना फार सोपी आहे. अधिक महत्त्वाचे हे की, त्यांच्या चित्रांत घरातली माणसे एकमेकांशेजारी असूनही एकेकटी दिसतात. सुखी कुटुंबाचा देखावा मांडता मांडता चित्रकाराच्या हातून त्या कुटुंबातील अंतरेही नोंदली गेली. परक्या मुलखात घर मांडलेल्या माणसाला ही अंतरे ओळखीची वाटतील.

उमरावसिंहांच्या ह्याच चित्रांचे पुढे जे झाले ते डिजिटल साधनाच्या योग्यायोग्यतेविषयी पुष्कळ सांगून जाते. त्यांचे दौहित्र, चित्रकार विवान सुंदरम (1943–2023), ह्यांनी 2001 च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने ही छायाचित्रे कापून-जोडून नवी चित्रे केली. वेगवेगळ्या दशकांतल्या आणि देशांतल्या आकृती एका खोलीत आल्या. अमृता स्वतःच्याच निराळ्या वयाशेजारी बसली. वृद्ध पिता आणि तरुण कन्या एका आरशात दिसू लागली. हे सारे खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे पाहणाऱ्यास पहिल्या क्षणी कळते. म्हणूनच ते कलात्मक दृष्ट्या प्रामाणिक आहे. उलटपक्षी 2016 साली स्टीव्ह मॅकरी ह्या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या इटलीत मांडलेल्या एका चित्रात खांबाचा तुकडा भलत्याच जागी सरकलेला आढळला. त्यानंतर त्याच्या इतरही चित्रांतून माणसे आणि वस्तू पुसल्या गेल्याचे उघड झाले, त्यांत हिंदुस्थानातलीही चित्रे होती. आपण वार्ताहर नसून चित्रांतून कथा सांगणारे आहोत, असा खुलासा त्याने केला. पण हा खुलासा चित्र उघडे पडल्यानंतर आला. आधी आला असता तर आमची काहीच तक्रार नव्हती. हौशी छायाचित्रकार देवळावरून गेलेली विजेची तार बोटाच्या एका फटकाऱ्याने पुसतो, तेव्हा तोही लहान प्रमाणात हेच करतो. आम्ही म्हणतो, तार राहू द्यावी. त्या गावात वीज आली आहे, ही गोष्ट देवळाइतकीच खरी आहे आणि कित्येकदा देवळाहून अधिक रंजक.

रंगांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण आमच्या हौशी मंडळींचा सर्वांत मोठा अपराध रंगांतच घडतो. भारत हा रंगांचा देश, असे म्हणून ते संगणकावर रंग वाढवीत नेतात. शेवटी शेंदूर, हळद आणि पोपटी लुगडे ह्यांचा एकच गोंगाट उरतो. ह्यावर उतारा म्हणून रघुबीर सिंग (1942–1999) ह्यांची चित्रे पाहावीत. जयपुरात जन्मलेल्या ह्या छायाचित्रकाराने ज्या काळी गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच असे मानले जाई, त्या काळी हट्टाने रंगीत फिल्म वापरली. पाश्चात्त्य कृष्णधवल परंपरेतील एकाकीपणा हा भारतीय दृष्टीचा स्थायीभाव नव्हे, आपल्या पाहण्यात रंग मूळचाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. उमरावसिंहांची बहुतेक चित्रे रंगावाचून आहेत, तरी ती भारतीय नाहीत असे कोण म्हणेल? पण भूमिका बाजूस ठेवून चित्रे पाहिली म्हणजे वाद मिटतो. 1967 साली मुंगेर येथे घेतलेले त्यांचे पावसाचे चित्र आहे. भिजलेल्या स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, आणि पावसाने साऱ्या रंगांवर पाणी चढविले आहे. ह्या चित्रातला रंग झळझळीत नाही, ओला आहे. किंवा 1991 सालचे हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे चित्र घ्यावे. आरशांच्या तुकड्यातुकड्यांत रस्ता फुटून विखुरला आहे. कोणता माणूस समोर आहे आणि कोणता पाठीमागे, हे लावता लावता डोळा चित्रभर फिरत राहतो. चौकटीत एक मुख्य वस्तू हवी, हा नियम येथे धाब्यावर बसविला आहे. अखेरच्या काळात त्यांनी ॲम्बॅसडर मोटारीची दारे, काचा आणि आरसे ह्यांतून दिसणारा देश टिपला. त्या पुस्तकाचे प्रकाशन 2002 साली, त्यांच्या मृत्यूनंतर झाले. सरकारी अधिकाऱ्याच्या त्या चिरपरिचित वाहनातून इतके दिसू शकते हे आमच्या जुन्या वाचकांनी अवश्य पाहावे.

लक्षात घ्यावयाचे ते असे की, रघुबीर सिंगांची कोडॅक्रोम फिल्म आजच्या मानाने अतिशय मंद होती. अंधारात ती निरुपयोगी, आणि तिच्यात घेतलेला रंग मागाहून वाढविण्याची सोय नव्हती. त्यामुळे रंगाचा निर्णय बटण दाबण्यापूर्वीच घ्यावा लागे. कोणत्या भिंतीसमोर कोणते लुगडे येते ह्याची वाट पाहावी लागे. कोडॅकने 2009 साली ती फिल्म बंद केली. पण वाट पाहणे काही बंद झालेले नाही. आमची सूचना अशी की, हौशी माणसाने वर्षभर रंग वाढविण्याच्या कळीला हातच लावू नये.

आता सूचनांचा विषय निघालाच आहे, तर काही व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून टाकतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या तेजाचे आहे असे गृहीत धरून चालतो. म्हणून तवांगच्या बर्फाचे किंवा कच्छच्या रणातील मिठाचे चित्र मळकट येते, आणि पावसात भिजलेले काळ्या दगडाचे देऊळ फिकट. बर्फासाठी एक ते दोन स्टॉप प्रकाश वाढवावा, काळ्या दगडासाठी तितकाच उतरवावा. त्यासाठी प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यात सोय असते, आणि बहुतेकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते. दुसरे, डिजिटल चित्रात सावलीतला तपशील मागाहून वर काढता येतो, पण जो पांढरा भाग जळून गेला तो गेलाच. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे पांढरे धोतर आणि सावळा चेहरा एकाच चौकटीत हवे असतील, तर धोतर सांभाळावे. चेहरा घरी येऊन उजळता येईल. अर्थात त्यासाठी चित्र कच्च्या, म्हणजे ‘रॉ’ स्वरूपात साठविलेले हवे. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या कच्च्या चित्रात 16384. पायऱ्या कमी असल्या की ओढाताणीत रंग फाटतो, एवढेच ह्या आकड्यांचे तात्पर्य. भिंगांचा संग्रह करण्याच्या नादाविषयी आम्ही काही लिहीत नाही. तो रोग आहे, आणि महागाई भत्त्याने तो बळावतो.

सकाळ-संध्याकाळचा सोनेरी प्रकाशच तेवढा चांगला, ह्या समजुतीविषयी मात्र लिहिले पाहिजे. साऱ्या देशाला एकच घड्याळ असल्याने डिसेंबरात कोहिम्यास साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तर भुजला तो सहा वाजून गेल्यावर. कोहिम्याचा अधिकारी कचेरीतून बाहेर पडतो तेव्हा काळोख झालेला असतो. त्याने काय छायाचित्रणच सोडून द्यावे? आपल्या देशातले बहुतेक जीवन भर दुपारी किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात चालते. दुपारच्या उभ्या उन्हात छपराखालची सावली किती मोलाची असते, हे ज्या चित्रात दिसेल ते आम्ही दहा सूर्यास्तांच्या बदली घेऊ.

आणि येथे आम्ही बदलीच्या नोकरीकडे येतो. पर्यटकाजवळ चार दिवस असतात, अधिकाऱ्याजवळ दोन-तीन वर्षे. ही गोष्ट कोणत्याही भिंगापेक्षा मोठी आहे, पण तिचा उपयोग करणारा हौशी छायाचित्रकार आमच्या पाहण्यात क्वचितच आला. बदलीच्या गावी पोहोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत तो सर्व प्रेक्षणीय स्थळे उरकतो, आणि मग पुढच्या बदलीपर्यंत कॅमेरा कपाटात राहतो. वास्तविक चित्रांचा आरंभ त्यानंतर व्हावयास हवा. कचेरीकडे जाणारा एकच रस्ता, एकच नाका, नदीचा एकच उतार दर आठवड्यास पाहिला, तर दुसऱ्या पावसाळ्यात जे दिसते ते पहिल्या पावसाळ्यात दिसलेले नसते. चहाची टपरी सरकते, झाड तोडले जाते, शाळेतली मुलगी एकाएकी साडी नेसून जाताना दिसते. हे पाहण्यासाठी त्याच गावात राहावे लागते, आणि राहण्याची व्यवस्था तर सरकारने केलीच आहे!

ह्यापुढचा मुद्दा नाजूक आहे, तरी तो टाळणे बरे नव्हे. अधिकारी गावात जातो तेव्हा तो नुसता माणूस म्हणून जात नाही. त्याची गाडी येते, मागे तलाठी किंवा पटवारी असतो, पुढे कोणी खुर्ची आणून ठेवतो. अशा वेळी त्याने कॅमेरा उचलला आणि झोपडीच्या दारातील स्त्रीला विचारले, ‘फोटो घेऊ का?’ तर ती नको कशी म्हणणार? तिचे शिधापत्रक, तिच्या शेताचा दाखला, तिच्या नवऱ्याची मजुरी ह्याच माणसाच्या सहीवर अवलंबून असते. तिने दिलेला होकार हा होकार नव्हे. आम्ही पाहिलेल्या ‘ग्रामीण चेहरे’ नामक चित्रांत जी एक विशिष्ट ताठ, भेदरलेली नजर वारंवार आढळते, आणि जिला प्रेक्षक ‘निरागस’ म्हणतात, ती पुष्कळदा ह्याच नाइलाजाची नजर असते, अशी आम्हांस दाट शंका आहे. चित्राचा गुण म्हणून जो वाखाणला जातो तो त्या स्त्रीवर पडलेला भार असतो. दीनदयाळांनी 1892 साली हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी एक निराळी चित्रशाळा काढली आणि ती एका बाईंच्या हाती सोपविली. हेतू अर्थात व्यवसायाचाच होता. पण समोरच्या व्यक्तीला कोणासमोर मोकळे वाटेल ह्याचा विचार त्यात होता. आजच्या अधिकाऱ्याने हा विचार स्वतःपुरता करावा. दौऱ्यावर असताना माणसांची चित्रे घेऊ नयेत. घ्यावयाची असल्यास रजेच्या दिवशी, पायी, एकटे जावे. गेल्या खेपेचे चित्र छापून हाती द्यावे, आणि मग दुसरे मागावे. ज्याला आपले चित्र मिळाले आहे तो पुढल्या वेळी नाही म्हणावयास कचरत नाही, असा आमचा अनुभव आहे. नाही म्हणू शकणाऱ्या माणसाचाच चेहरा चित्रात मोकळा येतो.

ह्या बाबतीत बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट ह्यांचा दाखला आम्ही देऊ. 1934 साली जन्मलेल्या भट्टांनी 1960 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे एका परिसंवादाच्या निमित्ताने घ्यावयास आरंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे ते निरनिराळ्या प्रांतांत भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या आणि गोंदणे टिपीत हिंडले. त्यांच्या चित्रांत भिंत आहे, आणि भिंत रंगविणारी स्त्रीही तिच्यासमोर उभी आहे. ती दारिद्र्याचा नमुना म्हणून उभी नाही, कर्त्री म्हणून उभी आहे. भिंती पुढे पडल्या, पुष्कळ ठिकाणी सिमेंट आले. ती चित्रे आज कलेइतकीच कागदपत्र म्हणूनही मोलाची आहेत. आमच्या प्रदर्शनांतील चित्रांखाली मात्र ‘वार्धक्य’, ‘प्रतीक्षा’, ‘एकांत’ अशी काव्यात्म नावे असतात. गाव कोणते, साल कोणते, माणूस कोण, ह्याचा पत्ता नसतो. ‘प्रतीक्षा’ ह्या नावापेक्षा, त्या माणसाची संमती असल्यास, त्याचे नाव आणि तो कशाची वाट पाहत होता, हे लिहिणे अधिक काव्यात्म होईल. रेशनच्या गाडीची वाट पाहत असला, तर तसे लिहावे.

राहता राहिला जपणुकीचा प्रश्न. दीनदयाळांच्या काचेच्या 2857 निगेटिव्ह 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. तोवर शंभर वर्षे त्या काचा टिकून होत्या. आजची चित्रे ज्या डिस्कवर असतात ती एका बदलीच्या सामानात आपटली की संपते. म्हणून तीन प्रती कराव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. वॉट्सॲपवर पाठविलेली प्रत ही प्रत समजू नये. त्या प्रवासात चित्र चेपले जाते आणि त्याच्या पोटात नोंदलेली तारीखही गळून पडते. वर्षाकाठी पन्नासच चित्रे निवडून ती कागदावर छापावीत, पाठीमागे पेन्सिलीने स्थळ, काळ आणि नाव लिहावे. निवड कठीण वाटेल. कविता संपादकाकडे पाठविण्यापूर्वी कवीलाही ती कठीण वाटते.

मंडळांच्या चालकांस आमची एक विनंती आहे. पुढल्या गणेशोत्सवात प्रदर्शन मांडताना प्रत्येकाकडून पाचच चित्रे घ्यावीत, ती पाचही एकाच ठिकाणची, निदान एका वर्षाच्या अंतराने घेतलेली असावीत, आणि बक्षिसे देऊ नयेत. बक्षीस समारंभाऐवजी एक संध्याकाळ राखून ठेवावी, चित्रकारास चित्राशेजारी उभे करावे आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. तो गावचा कोणता भाग, तेथे मागे दिसते ते कसले बांधकाम, ह्या बाईंना हे चित्र दाखविले काय, आणि त्या काय म्हणाल्या.